वेशीबाहेरचा डेपो

दहा बाय दहाच्या खोलीची फरशी मुळापासून उखडली की साधारण एक टन राडारोडा निघतो. हिशेब सरळ आहे. शंभर चौरस फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. वरची टाइल आणि तिच्याखालचा वाळू-सिमेंटचा थर मिळून जाडी भरते पाच-सहा सेंटिमीटर, आणि असल्या मालाचं वजन घनमीटरला दोन टनांच्या घरात असतं. हा माल सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरतात. पोतं पस्तीस-चाळीस किलोंच्या वर भरलं तर शिवण उसवते आणि बिगाऱ्याची कंबर धरते, म्हणून एका खोलीची पंचवीस-तीस पोती होतात. ती लिफ्टला आतून प्लायवूड लावून खाली आणतात, नाहीतर जिन्यानं, आणि सोसायटीच्या फाटकाजवळ भिंतीला टेकून रचून ठेवतात. तिथपर्यंत सगळ्यांना सगळं दिसत असतं. पोती कुणाच्या फ्लॅटची, कधी उचलणार, वाट का अडवली, यावरून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शब्दाला शब्द लागतो. मग एका संध्याकाळी ‘छोटा हत्ती’ टेम्पो येतो, पोती जातात आणि विषय मिटतो. पोती कुठे गेली, हे कुणी विचारत नाही.

मला त्या पुढच्या वाटेबद्दल लिहायचं आहे. ही वाट भूगावची आहे, पण पुण्याभोवतीच्या कुठल्याही वाढत्या गावाची असू शकली असती.

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की बावधननंतर भूगाव येतं. तालुका मुळशी, कारभार ग्रामपंचायतीचा. कुस्तीच्या शौकिनांना हे गाव आठवतं ते २०१७ च्या डिसेंबरात इथे भरलेल्या महाराष्ट्र केसरीमुळे, सहलीला जाणाऱ्यांना मानस तलावामुळे, आणि घर शोधणाऱ्यांना कोथरूडपेक्षा कमी भावात मिळणाऱ्या फ्लॅटमुळे. टेकड्यांच्या पायथ्याशी एकामागून एक सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यातल्या पहिल्या-पहिल्या इमारती आता जुन्या झाल्यात. न्हाणीघराच्या फरशीखालून पाणी झिरपतं, स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पा तडकलेला असतो, मुलं मोठी झाल्यानं हॉल आणि बाल्कनीमधली भिंत काढायची असते. म्हणजे गावात दोन प्रकारचा राडारोडा आहे. एक नव्या बांधकामांचा, जो मोठा आहे आणि डोळ्यांत भरतो. दुसरा घरोघरच्या दुरुस्तीचा, जो पोत्या-पोत्यानं निघतो आणि कुठल्याच नोंदीत येत नाही.

या दुसऱ्याचं माप अगदीच अज्ञात नाही. केंद्र सरकारच्या टायफॅक या संस्थेनं केलेला एक जुना अंदाज आजही सगळे वापरतात. नवं बांधकाम करताना चौरस मीटरमागे ४० ते ६० किलो, दुरुस्ती-नूतनीकरणात ४० ते ५० किलो, आणि पक्की इमारत पाडली तर ३०० ते ५०० किलो. नऊशे चौरस फुटांच्या फ्लॅटची दुरुस्ती म्हणजे साडेतीन-चार टन. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, जी २००५ मध्ये बाजारात आली आणि सुरुवातीला पुण्यातच बनत होती, तिची अधिकृत क्षमता सुमारे पाऊण टन. एका घराच्या पाच-सहा खेपा झाल्या. नव्वद फ्लॅटच्या सोसायटीत वर्षाला चार-पाच घरांनी काम काढलं, तरी पंधरा-वीस टन माल फाटकाबाहेर पडतो.

तोडकामाचा एक ठरलेला क्रम असतो आणि तो पाहण्यासारखा आहे. घण चालण्याआधी भंगारवाला येऊन जातो. खिडक्यांची लोखंडी ग्रिलं, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी, पितळी नळ, तांब्याच्या वायरी, गिझर हे सगळं वजनावर जातं, आणि जाताना घरमालकाच्या हातावर पैसे ठेवून जातं. सागवानी दार असेल तर त्याला वेगळं गिऱ्हाईक मिळतं. पुण्यात वाडे उतरवले जात तेव्हा तुळया, खांब, कडी-कोयंडेसुद्धा जुन्या लाकडाच्या वखारींत आणि जुन्या बाजारात जाऊन पुन्हा कुठल्यातरी घराला लागत. भंगारवाला ज्याला हात लावत नाही ती यादी आता लांबत चालली आहे. सनमायका चिकटवलेलं प्लायवूड, पीओपीचं छत, कमोड, फुटक्या टाइल्स, काच, फोमची गादी. कापसाची गादी असती तर पिंजाऱ्यानं उसवून, पिंजून पुन्हा भरून दिली असती. फोमच्या गादीला असा कारागीर नाही. प्लायवूडचे तुकडे कामावरचे मजूर चुलीला लावतात. त्यातल्या डिंकाचा धूर छातीत जातो, पण सरपण विकत घेण्यापेक्षा ते परवडतं. उरलेलं सगळं पोत्यात.

खरी गोष्ट ठरते ती त्याच्याही आधी, काम अंगावर देताना. ठेकेदार वहीत आकडे मांडतो आणि सहज विचारतो, ‘साहेब, राडारोडा तुमच्याकडे की आमच्याकडे?’ घरमालक म्हणतो, ‘तुमच्याकडेच ठेवा.’ बाईसाहेबांना शंका येते, त्या विचारतात, ‘अहो पण टाकणार कुठे?’ त्यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘वहिनी, ते आमच्यावर सोडा.’ अंदाजपत्रकात खेपेमागे एक रक्कम येते आणि पुढच्या ओळीवर टाइलचा ब्रँड. पाच-सहा लाखांच्या कामात या एका ओळीवर कुणी घासाघीस करत नाही. पण टेम्पोवाल्याच्या बाजूनं पाहा. त्याला खेपेचे पैसे ठरलेले मिळतात. डिझेल जितकं कमी जळेल आणि दिवसात जितक्या खेपा होतील तितकं त्याचं सुटतं. तीस किलोमीटरवर माल नेऊन, काट्यावर वजन करून, शुल्क भरून परत येणं आणि दीड किलोमीटरवर पोती मोकळी करणं यात त्याची निवड काय असणार हे उघड आहे. त्याच्या जागी कुणीही असता तरी तेच केलं असतं. म्हणून टेम्पोचे नंबर टिपून दंड लावायचा एवढ्यावर थांबणारी मोहीम मला अपुरी वाटते.

शिवाय दीड किलोमीटरवर त्या मालाला गिऱ्हाईक आहे. मुळशीचा हा भाग उताराचा. टेकडीवरून ओढे उतरतात, मधे खोलगट वावरं, नाल्याकाठच्या पट्ट्या. ज्याच्या मालकीची जमीन रस्त्यापासून चार-सहा फूट खाली आहे, त्याला ती सपाट करायची असते. विकत आणलेला मुरूम महाग पडतो, राडारोडा फुकट पडतो, कधी कधी तर टाकणाराच पैसे देतो. भराव घातला की वावराचा प्लॉट होतो, ओढ्याची कड सरकते, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी वाट शोधत दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये शिरतं. शहराच्या कडेला राडारोडा हा कचरा म्हणून फेकला जात नाही, तो जमीन म्हणून पेरला जातो. हे नीट समजल्याशिवाय या विषयावरचा कुठलाही उपाय चालणार नाही.

भूगावच्या बाबतीत या भरावाचा अर्थ जरा जास्त गंभीर आहे, कारण इथून रामनदी जाते. खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावून भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत ती औंधजवळ मुळेला मिळते. जेमतेम अठरा-एकोणीस किलोमीटरची नदी. एवढ्या छोट्या नदीला वरच्या अंगाला दोन-चार ठिकाणी चिमटा काढला तरी खाली कळ जाते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात एका रात्रीत विक्रमी पाऊस झाला तेव्हा रामनदीच्या पुरानं पाषाण-बाणेरच्या लोकांना ते दाखवून दिलं. उगम आणि पहिला टप्पा ग्रामपंचायतींच्या हद्दीत, पुराचा फटका महापालिकेच्या हद्दीत. नदीला हद्द नसते, पण राडारोडा कुणी उचलायचा याला असते, आणि तिथेच सगळं अडतं.

या हद्दीची गोष्ट समजायची तर पुण्याच्या कचरा डेपोचा इतिहास थोडा मागून पाहावा लागेल.

कचरा टाकण्याची जागा गावाला नवीन नाही. प्रत्येक घराचा उकिरडा होता आणि शेणकुराबरोबर राख, पाचोळा, केर त्यात जाऊन वर्षाअखेर त्याच्या गाड्या शेतात जात. पडक्या घराचीही सोय होती. मातीच्या भिंती कोसळल्या की तिथली पांढरी माती शेतकरी खत म्हणून भरून नेत. महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या पांढरीच्या टेकाडांना अशीच खणती लागली आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना त्याची हळहळ वाटत आली आहे. शहराचंही तसंच. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या नगरपालिकेनं मैल्याचं सोनखत करून विकलं आणि ते कालव्याच्या पाण्यावरच्या उसाला गेलं. घर पडलं तरी शेतात जिरत होतं, शहराची घाण मळ्यात जिरत होती. सिमेंट, प्लास्टिक आणि चिनी मातीच्या फरश्या आल्यावर हे जिरणं थांबलं, आणि ‘डेपो’ नावाची जागा लागू लागली.

पुण्याचा असा एक डेपो भूगावपासून सहा-सात किलोमीटरवर होता. पौड रस्त्यावर, वनाजजवळ, कोथरूडचा कचरा डेपो. तेव्हा कोथरूड हेच गावाबाहेर होतं. वस्ती वाढली, डेपोच्या चहूबाजूंनी घरं झाली, वासानं लोक हैराण झाले, आणि शहराचा कचरा दुसऱ्या टोकाला, सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या १६३ एकरांत जाऊ लागला. वनाजच्या त्या रिकाम्या जमिनीवर आधी शिवाजी महाराजांचा इतिहास दाखवणारी शिवसृष्टी व्हायची होती. शेवटी ती मेट्रोला मिळाली आणि आज तिथे गाड्यांचा कारडेपो आहे. वनाज ते गरवारे कॉलेज हा मेट्रोचा मार्ग ६ मार्च २०२२ ला सुरू झाला. रोज हजारो माणसं ज्या गाड्यांत बसतात त्या जिथे उभ्या राहतात, तिथे त्या माणसांच्याच आजी-आजोबांच्या घरचा केर येऊन पडत होता.

उरुळी-फुरसुंगीनं त्याची किंमत मोजली. विहिरींचं पाणी बिघडलं, वारंवार आगी लागल्या, धुरानं गावं कोंडली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागल्यावर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून धरल्या. पुण्याच्या पेठांत रस्त्यावर कचरा साचला तेव्हा शहराला त्या गावांची नावं पाठ झाली. त्याच वर्षी ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली गेली, पुढे बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. आता तिथले जुने डोंगर उकरून, चाळून, माती आणि प्लास्टिक वेगळं करण्याचं काम चालतं. त्याला बायोमायनिंग म्हणतात. कचरा एकदा टाकला की विषय संपतो या समजुतीचं उत्तर त्या चाळण्यांत आहे: पहिली पिढी टाकते आणि दुसरी पिढी पैसे देऊन तोच माल पुन्हा उकरते.

म्हणजे डेपो ही संस्था नेहमी वेशीबाहेर राहिली आहे. फक्त वेस सरकत गेली. ३० जून २०२१ ला आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्यात बावधन बुद्रुक होतं, सूस होतं, म्हाळुंगे होतं, वाघोली होती. भूगाव नव्हतं. त्या दिवसापासून बावधनच्या शेवटच्या इमारतीचा राडारोडा महापालिकेच्या जबाबदारीत गेला, आणि भूगावच्या पहिल्या इमारतीचा राडारोडा ग्रामपंचायतीपाशी राहिला. आता शहराची वेस भूगावच्या उंबऱ्यापाशी आहे, आणि वेशीबाहेर म्हणजे नेमकं भूगावच.

महापालिकेनं वाघोलीला राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प उभारला, दिवसाला २५० टन क्षमतेचा. त्या जागेत एक योग्यता आहे. वाघोलीच्या खाणींनी पुण्याला वर्षानुवर्षं दगड पुरवला. तिथला काळा कातळ फुटून खडी झाला, खडी काँक्रीटमध्ये बसून भिंत-छत झाली, आणि ते छत पाडल्यावर माल पुन्हा वाघोलीला परततो.

अशा प्रकल्पात काय चालतं हे सामान्य घरमालकाला माहीत असायला हवं, कारण त्याच्या पोत्यात काय भरलं आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. गाडी आधी वजनकाट्यावर चढते, भरलेली एकदा आणि रिकामी एकदा. वजनाची पावती निघते. माल अंगणात ओतला की माणसं त्यातून लाकूड, चिंध्या, प्लास्टिक, थर्माकोल हातानं वेचतात. हे काम उन्हातान्हात, धुळीत चालतं, आणि सगळ्यात कष्टाचं तेच आहे. मग मोठे ठोकळे जबडा क्रशरमध्ये जातात. त्याची रचना सोपी आणि जुनी आहे: पोलादाच्या दोन जाड दातेरी पट्ट्या, एक स्थिर, दुसरी मागे-पुढे हलणारी, वर रुंद आणि खाली अरुंद फट. ठोकळा वरून पडतो, चेपतो, फुटतो, आणखी खाली घसरतो, पुन्हा चेपतो, आणि फटीतून मावेल एवढा झाला की खालच्या सरकत्या पट्ट्यावर पडतो. पट्ट्यावर लोहचुंबक टांगलेला असतो. काँक्रीटमधून सुटलेले सळईचे तुकडे, खिळे, बांधणीची तार तो वर ओढून घेतो. पुढे थरथरणाऱ्या चाळण्या. वीस मिलिमीटर, दहा मिलिमीटर, आणि खाली वाळूसारखी चुरी. काही ठिकाणी हा माल पाण्यानं धुतात. धुतल्यावर माती आणि सिमेंटची बारीक पूड गाळ होऊन बाजूला होते आणि चुरी वाळूच्या कामाला येते. शेवटी याच मालाचे पेव्हर ब्लॉक, रस्त्याकडेचे ठोकळे किंवा रस्त्याच्या पायाचा भराव होतो.

फोडलेल्या जुन्या काँक्रीटच्या खडीच्या आत बेसाल्टच असतो, पण अंगाला जुन्या सिमेंटचा लेप चिकटलेला असतो. तो पाणी पितो. म्हणून नव्या खडीइतका भरवसा तिच्यावर टाकत नाहीत. भारतीय मानक ३८३ मध्ये २०१६ साली तिला अधिकृत जागा मिळाली: साध्या काँक्रीटमध्ये जाड खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, सळई घातलेल्या एम-२५ प्रतीपर्यंतच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, आणि पायाखाली घालायच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण. मला हे मानक फार महत्त्वाचं वाटतं. त्याआधी अभियंत्याला असा माल वापरायचा म्हटलं तरी सहीला आधार नव्हता.

या सगळ्याला नासवणारी एक गोष्ट आहे: भेसळ. पीओपी आणि जिप्सम काँक्रीटच्या मालात मिसळले तर पुढच्या काँक्रीटला ते घातक. घरचा ओला कचरा राडारोड्याच्या पोत्यात कोंबला तर दोन्ही वाया, खत होत नाही आणि खडीही होत नाही. दुरुस्तीच्या घरात हे सर्रास होतं. कामगारांच्या जेवणाचं उरलेलं, चहाचे कागदी कप, रंगाचे रिकामे डबे, माळ्यावर सापडलेली औषधं, सगळं एकाच पोत्यात जातं, कारण पोतं हाताशी असतं आणि कुणी वेगळं मागितलेलं नसतं. सुक्या कचऱ्याच्या बाबतीत पुण्यानं वेगळी वाट दाखवली होती. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकारानं १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली, आणि घरोघरचा कचरा हातात घेणाऱ्या बाईला ओळखपत्र, हक्क आणि नाव मिळालं. कागदाला, बाटलीला, पत्र्याला तिच्यामुळे रस्ता सापडला. राडारोड्याला अजून असा कुणी वाली नाही.

भूगावहून वाघोली शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. सगळं पुणे आडवं कापायचं, आणि जड वाहनांना दिवसा शहरातल्या कितीतरी रस्त्यांवर बंदी. जून २०२५ मध्ये केंद्रानं वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या मेट्रोच्या दोन्ही टोकांच्या विस्ताराला मंजुरी दिली. ते काम झालं की माणूस चांदणी चौकातून वाघोलीला एका मार्गावर जाईल. मालाला मात्र टेम्पोच. आणि पोहोचला तरी हद्दीबाहेरचा माल म्हणून हजर होणार.

कायदा याबाबत मुका नाही. २९ मार्च २०१६ ला केंद्रानं बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम काढले. राडारोडा ज्याचा, जबाबदारी त्याची, हे त्यांचं पहिलं कलम म्हणता येईल. दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांहून अधिक माल काढणाऱ्यानं काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार वाटे वेगळे करायचे होते. स्थानिक संस्थेनं माल टाकायला जागा आणि पेट्या द्यायच्या होत्या, शुल्क ठरवायचं होतं. स्थानिक संस्थेच्या व्याख्येत ग्रामपंचायतही येत होती, जर हे काम तिच्याकडे सोपवलेलं असेल तर. त्या ‘असेल तर’मध्ये भूगाव अडकलं. इमारतींना परवानगी आणि विकासशुल्क २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे. इमारत उभी राहिल्यावर तिच्यातून वीस वर्षं निघणारा केर-राडारोडा गावाकडे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानं स्वच्छता हे पंचायतीचं काम ठरवलं तेव्हा दहा-बारा मजल्यांच्या सोसायट्या कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हत्या. पैशांचं पाहायचं तर स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांहून मोठ्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ४५ रुपयांपर्यंत तरतूद होती. तेवढ्यात खतखड्डे आणि कचरा गोळा करायची गाडी येईल. राडारोड्याचा विचारही त्यात नाही. २०१६ च्या नियमांची जागा घेणारे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. त्यांनी २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना आपल्या राडारोड्याच्या पुनर्वापराचं उद्दिष्ट बांधून दिलं. मोठ्या बिल्डरला ते लागू पडेल. तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराला नाही.

मनावर घेतलं तर काय होतं हे भूगावकरांनी अगदी जवळून पाहिलं आहे. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री एक वाजता चांदणी चौकातला जुना पूल सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून पाडला. काही भाग उभा राहिला तो यंत्रांनी खाली ओढला, आणि त्याच दिवशी सकाळी महामार्ग मोकळा झाला. शेकडो टन काँक्रीट एका रात्रीत हललं, कारण यंत्रं, डंपर, वेळापत्रक आणि जबाबदार माणसं आधीच ठरलेली होती. पोत्यांच्या ढिगाला यातलं काहीच मिळत नाही.

मुंबईत न्यायालयाला हात घालावा लागला. देवनारच्या डेपोला २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीनंतर उच्च न्यायालयानं शहरातल्या नव्या बांधकामांवर बंदी घातली. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अटींवर सैल केली, आणि मुख्य अट हीच होती की राडारोडा कुठे टाकणार ते आधी दाखवा. भूगावला न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही. गरज आहे ती लहान जागेची. अर्धा-पाऊण एकर पुरेल, रस्त्याला लागून, ओढ्यापासून लांब. खाली काँक्रीटचा कोबा, कडेला बांध, म्हणजे पावसात गाळ वाहून जाणार नाही. चार कप्पे: काँक्रीट-दगड, विटा-टाइल, पीओपी-जिप्सम, लाकूड-गाद्या-फर्निचर. सिमेंटचे जुने पत्रे आले तर ते फोडू न देता झाकून वेगळे ठेवायचे, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. एक वजनकाटा, एक माणूस, एक पावतीपुस्तक. क्रशर इथे असायची गरजच नाही. चाकांवरचे फिरते क्रशर मिळतात, ढीग पुरेसा झाला की चार दिवस येऊन फोडून जातात. शिवाय याच तालुक्यात नांदे-चांदेच्या बाजूला खडी फोडणारे आहेत, त्यांच्याकडे यंत्रं आणि काटे आहेत. भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे, नांदे या गावांनी आपापली अशी छोटी अंगणं करावीत आणि पीएमआरडीएनं विकासशुल्कातून त्या सगळ्यांसाठी फोडणीचं एक केंद्र चालवावं, असं मला वाटतं. फुटलेला माल गावाच्याच पाणंद रस्त्यांना, सोसायट्यांच्या फूटपाथला लागेल, म्हणजे विक्रीची चिंता नाही.

लोक आणून टाकतील का? टेम्पोवाल्याचा हिशेब बदलला तर टाकतील. दोन किलोमीटरवर उघडं फाटक, पाच मिनिटांत वजन, माफक शुल्क, आणि हातात पावती. सोसायटीनं एवढंच करायचं, की दुरुस्तीच्या परवानगीसाठी घेतलेली अनामत रक्कम ती पावती दाखवल्याशिवाय परत द्यायची नाही. बहुतेक सोसायट्या अशी अनामत आजही घेतात, लिफ्टला ओरखडा पडला तर कापून घ्यायला. त्याच अर्जात राडारोड्याची एक ओळ वाढवायला बाहेरच्या कुणाची मंजुरी लागत नाही, सर्वसाधारण सभेत ठराव पुरतो.

तोपर्यंत ज्यांच्या घरी येत्या दिवाळीआधी घण चालणार आहे त्यांनी ठेकेदाराशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. टाइल-काँक्रीट एका पोत्यात आणि पीओपी-जिप्सम दुसऱ्यात, रंगाचे डबे आणि ट्यूबलाइट त्यात अजिबात नाहीत. माल कुठल्या जागी जाणार, त्या जागेचा गट नंबर कोणता आणि जागामालकाची लेखी संमती आहे का. आणि ती जागा नदी-ओढ्याच्या कडेची असेल तर खेपेचे जास्त पैसे देऊन दुसरी शोधायची. चार टनांच्या कामात हा फरक काही हजारांचा पडतो, एका चांगल्या नळाच्या किमतीइतका.